हिवाळ्यातील सायकल : थोडी पूर्वतयारी

उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास तापणारे आमचे रायपूर दिवाळीनंतर सायकलस्वारांना साद घालू लागते. या सुखद ऋतूत धोका असतो तो काळोखाचा. डिसेंबरच्या मध्यास येथे सूर्य साडेपाचपूर्वीच मावळतो. बँकेतून निघेपर्यंत अंधार दाटलेला असतो.

गेल्या जानेवारीत तेलीबांधा तलावाजवळ सिग्नलला थांबलो असता मागून आलेली मोटारसायकल माझ्या हँडलला घासून गेली. “साहब, आप दिखे ही नहीं,” चालक ओशाळून म्हणाला. त्याचे खरेच होते. अंगात काळा कोट होता आणि चाक थांबताच डायनॅमोवरचे दिवे विझले होते.

तेव्हापासून सायकलीच्या मागे बॅटरीवर चालणारा लाल दिवा आहे. रिफ्लेक्टरवरील धूळ रोज पुसतो. कोटावर फिकट रंगाचे जाकीट चढवतो. हातमोजे पातळ घेतो, म्हणजे ब्रेक नीट दाबता येतो.

सकाळच्या दवाने रिम ओली होऊन ब्रेक उशिरा लागतात. म्हणून ब्रेकची झिजलेली रबरे वेळीच बदलावीत, निघण्यापूर्वी रिम कोरडी करावी. चेन पुसून तिला तेल द्यावे. थंडीने चाकातील हवेचा दाब उतरतो. आठवड्यातून एकदा तो तपासावा.

जोखीम ओळखून आधीच तरतूद करावी, हा आमच्या व्यवसायाचा पहिला धडा. ग्राहकमित्रहो, सायकलीच्या बाबतीत तो मला जरा उशिराच उमगला. आपण मात्र पहिल्या थंडीतच अमलात आणावा.