जंतूला म्हातारपण येतें काय?

देहधाऱ्याच्या मागें जरा आणि मृत्यु लागलेलींच, असें आपण धरून चालतों. परंतु आपल्या आंतड्यांत वस्ती करणारा ई. कोलाय नांवाचा जंतु पाहा. तो मध्यभागीं दुभंगतो व एकाचे दोन होतात. त्यांत म्हातारा कोणता आणि तान्हा कोणता? असल्या एकपेशीय जीवालाहि वार्धक्य असेल, तर जरा ही जिवंतपणाचीच अट ठरेल. म्हणून हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

ओळखण्याची खूण एकच आहे. दुभंगतांना प्रत्येक अर्ध्याला एक टोंक नवें मिळतें व दुसरें वारशानें येतें. जुनें टोंक पिढ्यान्‌पिढ्या जिच्याकडे राहतें, त्या पेशीला आई म्हणावें. 2005 मध्यें पॅरिस येथील शास्त्रज्ञांनीं या खुणेवरून नऊ पिढ्यांपर्यंत माग काढला आणि जुन्या टोंकाच्या पेशीची वाढ हळूहळू मंदावते, असें प्रसिद्ध केलें. त्यापुढें जाणें दुर्घट होतें. कारण अन्न व ऊब मनाजोगी मिळाली कीं वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, आणि त्या गर्दींत आई हरवते.

ही अडचण सकजून जून व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हार्वर्ड विद्यापीठांत मोठ्या युक्तीनें दूर केली. त्यांचा प्रयोग 2010 सालीं प्रसिद्ध झाला. पारदर्शक सिलिकॉन रबराच्या तुकड्यांत त्यांनीं एक पाट कोरला व त्याला काटकोनांत अनेक आंधळ्या गल्ल्या ठेवल्या. गल्लीची रुंदी सुमारें एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जंतूंना एकामागें एक असेंच राहावें लागतें. बंद टोंकाशीं जुनें टोंक टेकून आई बसते. पाटांतून अन्नरस अखंड वाहतो व गल्लींत पोंचतो. लेकी जन्मतात, पुढें ढकलल्या जातात आणि शेवटीं पाटाबरोबर वाहून जातात. लेकी सासरीं, आई घरीं! (माहेरपणाची सोय मात्र येथें नाहीं.) या उपकरणाला ‘मदर मशीन’ हें नांव शोभतें खरें.

सूक्ष्मदर्शकाखालीं अशा पुष्कळ आयांची शेंकडों पिढ्यांची हकीकत टिपली गेली, आणि काय आढळलें? आईच्या वाढीचा वेग ढळला नाहीं. मात्र दुभंगण्याची संख्या वाढत गेली तशी तिच्या मरणाची शक्यता वाढत गेली. पाऊल मंदावत नाहीं, पण मरण जवळ येतें, असा हा विलक्षण प्रकार आहे.

म्हणून पॅरिसचें मोजमाप चुकलें, असें म्हणण्याची घाई करूं नये. तेथें जंतु घट्ट पृष्ठावर दाटीनें वाढत होते. येथें प्रत्येकीला ताजा रस सतत मिळत होता.