गळलेली फळे आणि उद्योगाची बुद्धी : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर या गावी वाटसरू येतो तो बहुधा महानुभाव पंथातील श्रीगोविंदप्रभूंच्या स्थानांना वंदन करण्यासाठी, किंवा अलीकडे तेथे स्थापन झालेले मराठी भाषा विद्यापीठ पाहण्यासाठी. आणि या मुलुखात पसरलेल्या संत्र्यांच्या बागांकडे त्याची दृष्टी गेलीच, तर ती हिरवी शोभा म्हणून जाते. परंतु उद्योग चालवणाऱ्याच्या अंगी कोणती बुद्धी असावी, आणि अडचण उभी राहिली असता तिच्याकडे कसे पाहावे, याविषयी आपल्या समाजात जे गैरसमज दृढ झाले आहेत, त्यांचे निरसन करण्यास हे गाव आणि या बागा मिळून जितक्या समर्थ आहेत, तितके दुसरे साधन मला वऱ्हाडात आढळलेले नाही.

पहिला गैरसमज सर्वांत जुना, आणि म्हणून सर्वांत हट्टी : धंदा रक्तात असावा लागतो. ज्याचा बाप पेढीवर बसला त्यालाच व्यवहार कळतो, इतरांनी नोकरी किंवा शेती पाहावी, असे आपल्याकडे मुलाला मिसरूड फुटण्यापूर्वीच ऐकवले जाते. वस्तुस्थिती अशी की व्यवहारातील कुशलता ही मुख्यतः विचारपूस करण्याची आणि मिळालेले उत्तर टिपून ठेवण्याची सवय आहे. आणि ही सवय जन्माने येत नाही, ती लावून घ्यावी लागते. सुमारे 1278 च्या काळात याच रिद्धपुरात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या आठवणींचा, म्हणजे लीळांचा, ग्रंथ लीळाचरित्र सिद्ध केला. श्रीचक्रधर उत्तरेकडे निघून गेले होते, त्यांचे शब्द अनेकांच्या स्मरणात विखुरले होते, आणि स्मरण हे पावसाळ्यातील पायवाटेसारखे दिवसेंदिवस पुसट होणारे. म्हाइंभट पंडित होते. मनात आणते तर आपल्या विद्वत्तेच्या बळावर स्वतःच एक सुंदर चरित्र रचून मोकळे झाले असते. त्यांनी तसे केले नाही. ज्याने पाहिले त्याच्याकडे ते गेले, ज्याने ऐकले त्याच्याकडे गेले; कोठे घडले, कोण उपस्थित होते, हे विचारीत गेले; मिळालेली माहिती श्रीचक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्यापुढे ठेवून पडताळून घेतली. शेतात राबणाऱ्या माणसाच्या मागोमाग चालत त्यांनी लीळा मिळवल्या असे परंपरा सांगते, आणि मला ते सहज पटते, कारण ज्याला खरी माहिती हवी असते त्याला सांगणाऱ्याची सोय पाहावी लागते, स्वतःची नव्हे. या कामाला मी उद्योगबुद्धीचा वऱ्हाडातील आद्य दाखला मानतो. धंदा त्यांचा नव्हता, पण प्रश्न सोडवण्याची रीत तीच होती : आपले अनुमान बाजूला ठेवून साक्षीदार शोधणे.

दुसरा गैरसमज, नफा झाला म्हणजे निर्णय शहाणपणाचा होता. वऱ्हाडाने याची किंमत फार पूर्वी मोजली आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला, आणि येथील काळ्या मातीतल्या बोंडाला कोणी स्वप्नात पाहिला नव्हता असा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या. त्या चार वर्षांत ज्याच्या कीर्दीत जमेची बाजू फुगली, त्याच्या हाती दूरदेशीच्या एका युद्धाची कृपा होती, आणि ती कृपा स्वतःची अक्कल समजून ज्याने कर्ज काढून विस्तार केला, तो बुडाला. जमाखर्च खोटे बोलत नाही. पण नफा कशामुळे झाला हे तो सांगत नाही, ते मालकालाच शोधावे लागते.

तिसरा गैरसमज संत्र्याच्या मुलुखात रोज ऐकू येतो, आणि तो सद्भावनेने बोलला जातो म्हणून अधिक घातक आहे : रसाचा कारखाना काढा, प्रश्न मिटला. सभेत हे वाक्य उच्चारले की टाळ्या पडतात. वस्तुस्थिती थोडी कडवट आहे, आणि अक्षरशः कडवट. नागपुरी संत्र्याची साल सैल, फोडी सुट्या, खाण्यास मधुर; परंतु त्याचा रस काढून ठेवला असता काही वेळाने त्यात लिमोनिन नावाच्या द्रव्याचा कडूपणा उतरतो. ताजा पेला गोड लागतो, आणि बाटलीत भरलेला तोच रस कडू होतो. हा कडूपणा काढण्याचे उपाय आहेत, नाहीत असे नाही. पण ते खर्चाचे आहेत, आणि तो खर्च, बाटली, वाहतूक आणि ग्राहकाची सवय या सर्वांचा हिशेब मांडल्यावाचून ज्याने भिंती उभारल्या, त्याने प्रश्न सोडवला नाही, एका प्रश्नाच्या जागी दोन उभे केले. उत्तम वस्तू आपोआप खपते हा समजही याच जातीचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची धारणा होती, आणि पहिले नांगर खपण्यास दीर्घ काळ वाट पाहावी लागली. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती नांगराच्या गुणामुळे तर खरीच, पण न घेणाऱ्या माणसाच्या मनात नेमके काय आहे हे जाणून घेण्याच्या त्यांच्या चिकाटीमुळेही.

बाजाराविषयीचा गैरसमज थोडक्यात सांगतो. आपले नुकसान सर्वस्वी दुसऱ्याने केले, असे मानण्यात मनाला एक प्रकारचा विसावा मिळतो. येथील संत्र्याचा मोठा भाग बांगलादेशात जात असे. त्या सरकारने 2019 पासून आयातशुल्क पायरीपायरीने वाढवले, आणि बागेतच हजाराच्या किंवा टनाच्या भावाने सौदे करणाऱ्या व्यापाऱ्याने हात आखडता घेतला. ढाक्याच्या दरबारी आपला अर्ज चालत नाही, हे मान्य. या बाबतीत शेतकऱ्याची तक्रार पूर्णपणे न्याय्य आहे, आणि तिची दाद घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. परंतु सगळा माल एकाच दारी नेण्याची सवय ही मात्र आपल्या कक्षेतील गोष्ट होती. अडचणीचे हे दोन भाग निराळे लिहून काढणे, एक दाद मागण्यासाठी आणि एक दुरुस्त करण्यासाठी, यालाच मी व्यवसायाची मनोभूमिका म्हणतो.

आता ज्या गैरसमजाने मला हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले त्याकडे येतो. तो असा की खंबीर माणूस तडकाफडकी उपाय करतो, आणि विचारात वेळ घालवणारा कच्चा असतो. भाद्रपदाच्या सुमारास आंबिया बहाराच्या बागेत सकाळी पाऊल टाकावे. झाडाखाली फळे गळून पडलेली असतात, काही हिरवी, काही अकाली पिवळी पडलेली, आणि ओल्या मातीला एक आंबूस वास सुटलेला असतो. बागाईतदाराच्या काळजात धस्स होते; हीच त्याची वर्षाची वसुली, मुलीच्या लग्नाची तजवीज, सोसायटीच्या कर्जाची मुदत. तो तालुक्याला धावतो, कृषी केंद्रातून दोन-तीन औषधे आणतो, फवारतो, आणि गळ थांबली नाही की आणखी एक आणतो. त्याच्या धडपडीत आळस नाही, कसूर नाही. फक्त फळगळ हा एक रोग आहे असे त्याने गृहीत धरले आहे. वस्तुस्थिती अशी की फळगळ हे एक नाव आहे, आणि त्या नावाखाली निदान तीन निरनिराळी कारणे राहतात.

एक टोपली घ्यावी आणि खाली पडलेली फळे वेचून त्यांचे ढीग लावावेत. ज्या फळावर छिद्र नाही, डाग नाही, केवळ पिवळे होऊन देठ सुटला आहे, ते पहिल्या ढिगात. येथे बहुधा झाडाच्या पोषणात खोट असते, किंवा काळ्या जमिनीत पाणी तुंबून मुळांचा श्वास कोंडलेला असतो, आणि त्यावर बुरशीनाशक कितीही ओतले तरी ते व्यर्थ, तेथे चर काढून पाणी बाहेर लावावे लागते. ज्याचा देठाकडील भाग काळा-तपकिरी होऊन सडला आहे, ते दुसऱ्या ढिगात. हे बुरशीचे काम, आणि ती बुरशी वाळलेल्या फांद्यांवर टिकून राहते, म्हणून फळे उतरल्यावर सल काढण्याचे जे काम आपण मजूर मिळत नाहीत म्हणून पुढे ढकलले, त्याचा हा हिशेब. आणि ज्या फळावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक भोक असून भोवती मऊ, कुजके वर्तुळ आहे, ते तिसऱ्या ढिगात. मग प्रत्येक ढीग मोजावा, आणि तारखेसह वहीत उतरवावा, कोणत्या ओळीतले, कोणत्या धुऱ्याकडचे हेही. म्हाइंभटांनी जशी माहिती देणाऱ्याला स्थान आणि प्रसंग विचारला, तसे येथे पडलेल्या फळाला विचारायचे. तेच प्रत्यक्षदर्शी आहे.

हा तिसरा ढीग सर्वांत अधिक शिकवणारा. ते भोक पाडणारा पतंग रात्री येतो आणि रस शोषून निघून जातो; दिवसा बागेत हिंडणाऱ्याच्या तो दृष्टीस पडत नाही. त्याची अळी संत्र्याच्या झाडावर वाढतच नाही. ती वाढते धुऱ्यावरच्या, कुंपणावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. म्हणजे ज्या झाडावर आपण पंप पाठीवर घेऊन घाम गाळतो, तेथे शत्रूचे घर नाही. घर आहे धुऱ्याच्या त्या पट्टीत, जिच्याकडे आपण वर्षभर फिरकत नाही, आणि जी कित्येकदा अर्धी शेजाऱ्याच्या मालकीची असते. तेव्हा ढीग मोजून झाल्यावर त्या बागाईतदाराचे पुढचे काम औषधाच्या दुकानात नसते. विळा घेऊन धुऱ्यावर जायचे, आणि त्याआधी शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून, वही उघडून, तिसऱ्या ढिगाचा आकडा त्याला दाखवायचा.