तांबूस साखरेचे कूळ

शहरांतल्या दुकानांत जाड दाण्यांची, तांबूस साखर 'डेमेरारा' या नावाने विकली जाते. ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात 1950 साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि ज्याच्या कोपरगाव तालुक्यात साकरवाडी नावाची वस्तीच आहे, तिथल्या माणसाने तरी या नावाचा माग काढायलाच हवा.

डेमेरारा ही दक्षिण अमेरिकेतल्या गयानाची नदी. तिचे नाव अरावाक भाषेतले; अक्षरांसारख्या खुणा असलेल्या एका लाकडाची नदी, असा त्याचा अर्थ सांगतात. तिच्या काठी आधी डचांचे, मग इंग्रजांचे उसाचे मळे होते. गुलामगिरी संपली तसे मळेवाल्यांना मजूर मिळेनात. 1838 मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही दोन जहाजे कलकत्त्याहून हिंदी मजूर घेऊन तिथे पोचली. गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारात, बांधलेल्या या माणसांचा घाम त्या साखरेत आहे. कोकणातले मराठी मजूरही असेच मॉरिशसच्या उसात गेले, आणि आज त्या बेटावरही डेमेरारा नावाची साखर बनते. नदी मागे राहिली, नाव फिरत राहिले.

आपल्याकडे मात्र नाव पदार्थाच्या रूपावरून पडले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे पाच प्रकार एका वर्गात येतात. फाणित म्हणजे काकवीसारखा दाट रस. गुड म्हणजे गोळा, तोच आपला गूळ. खण्ड म्हणजे तुकडा, म्हणून खांड. हाच शब्द फारसी-अरबीतून फिरून इंग्रजीत 'कँडी' झाला. शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू. म्हणूनच आयुर्वेदात मूत्रमार्गातल्या बारीक खड्यांनाही शर्करा म्हणतात. इंग्रजी 'जॅगरी'सुद्धा पोर्तुगीजांमार्फत मलबारातल्या 'चक्करा'वरून, म्हणजे पुन्हा शर्करेवरूनच आलेला. या पाचांत मला सर्वांत देखणे वाटते ते मत्स्यण्डिका. माशाच्या अंड्यांसारखे दाणे! डेमेराराची चिमूट तळहातावर पसरून पाहा, ते नाव ठेवणाऱ्याची नजर कळेल.

गुऱ्हाळावर हे सारे डोळ्यांदेखत घडते. काहिलीत रस उकळतो, भेंडीचे चिकट पाणी पडले की मळ वर येतो आणि तो झाऱ्याने काढतात. पुढे रस आटून काकवी होते. चटका आणखी बसला आणि थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी वळू लागली, की गुळव्या काहील उतरवायला सांगतो. कारखान्यात पाक आटवून दाणा धरवतात आणि मळी वेगळी काढतात. दाण्यावर तिचा जो थर राहतो, त्यानेच साखर तांबूस दिसते. सगळी तांबूस साखर मात्र अशी बनत नाही. पांढऱ्या साखरेलाच पुन्हा मळी चोळूनही ती तयार करतात.

तेव्हा पाकीट घेताना नावापेक्षा मागची बारीक अक्षरे वाचा. आणि प्रवरा-गोदावरीच्या काठच्या उसाची तांबूस साखर कुणी बाजारात आणणार असेल, तर त्याने तिला परक्या नदीचे नाव देऊ नये. 'खांड' हा आपला शब्द पाकिटावर छापावा.