दुसऱ्याचे टपाल

डिंकाने चिकटवलेला लिफाफा कोणी उघडला, तर त्याची साक्ष लिफाफाच देत असे. ई-मेलला असा लिफाफा नाही. म्हणूनच एखाद्या सकाळी संगणक सुरू करावा आणि आपल्या टपालाखाली वरिष्ठांची अथवा शेजारच्या सहकाऱ्याची टपालपेटी उघडी दिसावी, असे झाले की कचेरीत प्रथम कुजबूज सुरू होते. बोट दाखविले जाते ते ज्याला ती पेटी दिसली त्याच्याकडे. वडोदरे असो की हैदराबाद, आपल्या घरची मुले-मुली अशाच कचेऱ्यांत नोकरी करतात. तेव्हा हा प्रकार कसा घडतो हे वडीलधाऱ्यांनीही जाणून घ्यावे.

हा दोष संगणकाइतकाच जुना आहे. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत एकच संगणक अनेकांनी वापरावयाचा म्हणून प्रत्येकास स्वतंत्र पासवर्ड देण्यात आला. परंतु 1960 च्या दशकाच्या मध्यास दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन मजकूर दुरुस्त करीत असता त्यांची अदलाबदल झाली, आणि स्वागताच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड प्रत्येकाच्या समोर छापून येऊ लागले. चोरी कोणीच केली नव्हती!

आज अनेक कचेऱ्यांत मायक्रोसॉफ्टची एक्स्चेंज ही टपालव्यवस्था आणि ते टपाल वाचण्यासाठी आऊटलुक वापरतात. तेथे व्यवस्थापकाने एखाद्याला दुसऱ्याच्या पेटीवर ‘पूर्ण अधिकार’ दिला, की ती पेटी बहुधा आपोआप त्याच्या आऊटलुकमध्ये येऊन बसते. कोणी दीर्घ रजेवर जातो, त्याचे काम दुसऱ्याकडे सोपविले जाते. रजा संपते, अधिकार मात्र काढून घ्यावयाचा राहून जातो. कधी अधिकार एखाद्या गटाला दिलेला असतो. त्या गटात नवा मनुष्य घातला की त्यालाही सर्व दारे उघडतात. कधी पेटीच्या मालकानेच एखादा कप्पा सरसकट सर्वांना खुला केलेला असतो. आणि कचेरीच्या स्वतःच्या सर्व्हरवर मूळ साठ्यालाच अधिकार जोडला गेला असेल, तर त्यातील सगळ्याच पेट्या उघड्या पडतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा वेळी केवळ पेटीच्या मालकाचा पासवर्ड बदलून काहीही साधत नाही. कारण दुसरा मनुष्य आत येतो तो स्वतःच्याच पासवर्डाने. म्हणून तपासाचा क्रम असा असावा : आधी त्या पेटीवरील अधिकारांची यादी, मग गट आणि गटातील गट, मग कप्प्यांवरील परवानग्या, शेवटी मूळ साठा. अनावश्यक अधिकार काढल्यावर आऊटलुक बंद करून पुन्हा उघडावे. परिणाम दिसण्यास काही वेळ लागू शकतो. पेटी कोणी, केव्हा उघडली याची नोंदवही तपासली म्हणजे संशयाची जागा पुरावा घेतो. यांपैकी कोठेच कारण सापडले नाही, तर मात्र पासवर्ड फुटला असे समजून तो तत्काळ बदलावा, आणि टपाल गुपचूप अन्यत्र धाडणारा एखादा नियम लावलेला नाही ना, हेही पाहावे.

ज्याला परकी पेटी दिसली त्याने काय करावे? पत्रे वाचू नयेत. त्याच दिवशी व्यवस्थापकाला लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मधील कलम 43 व 66 यांनुसार परवानगीवाचून अप्रामाणिकपणे वा कपटाने दुसऱ्याच्या संगणकव्यवस्थेत शिरणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हेतूला येथे महत्त्व आहे, आणि वेळीच दिलेले चार ओळींचे पत्र हा सद्हेतूचा उत्तम पुरावा ठरतो.

दुसऱ्याचे पत्र फोडू नये, ही शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. लिफाफा नाहीसा झाला तरी ती शिकवण कालबाह्य झालेली नाही.