अर्ध्या सेकंदाचा विलंब

ज्या दारांतून आपण रोज येतों-जातों, त्याची बिजागरी एक दिवस किंचित् जड लागली, तर आपल्यापैकीं किती जण ती उघडून पाहतील? बहुतेक जण दार लोटून आंत जातील आणि ती गोष्ट विसरतील. संगणकाच्या आज्ञावली लिहिणें हा माझा व्यवसाय. आमच्या या व्यवसायांत मार्च २०२४ मध्यें अशी एक बिजागरी एका गृहस्थांनीं उघडून पाहिली. त्यांना तींत काय सांपडलें, तें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

या गृहस्थांचें नांव आंद्रेस फ्रॉयंड. माहिती सांठवून ठेवणारी पोस्टग्रेस नांवाची एक विख्यात आज्ञावली आहे. तिच्या रचनाकारांपैकीं हे एक. तिच्या वेगाचें सूक्ष्म मोजमाप चाललें असतां त्यांना असें आढळलें कीं, दूरच्या यंत्रांत प्रवेश करण्याची जी सोय असते, ती विनाकारण अधिक श्रम घेत आहे. पूर्वीं जो प्रवेश सुमारें ०.३ सेकंदांत होई, त्याला आतां ०.८ सेकंद लागत होते. फरक अवघ्या अर्ध्या सेकंदाचा! पण फ्रॉयंड यांनीं चिकाटीनें माग काढला, आणि तो जाऊन पोहोंचला ‘एक्स-झेड’ नांवाच्या एका लहानशा साधनापाशीं.

या साधनाचें काम अगदीं साधें आहे. जमाखर्चाच्या वहींत तोच मजकूर पुनः पुनः न लिहितां कारकून ‘कित्ता’ असें लिहितो व जागा वांचवितो. एक्स-झेड हें तशाच युक्तीनें संगणकांतील मजकूर आटोपशीर करतें. आपला भ्रमणध्वनि ज्या दूरस्थ यंत्रांशीं रोज बोलतो, त्यांपैकीं पुष्कळशीं यंत्रें लिनक्स या प्रणालीवर चालतात. आणि तिच्या बहुतेक प्रकारांत हें साधन असतें. तें अनेक वर्षें सांभाळीत होते फिनलंडचे लासे कॉलिन. तेंहि बहुतांशीं एकट्यानें, फावल्या वेळांत आणि विनावेतन.

२०२१ पासून ‘जिया तान’ या नांवाचा एक मदतनीस या कामांत दिसूं लागला. काम नीटनेटकें, बोलणें नम्र. २०२२ मध्यें इतर कांहीं अपरिचित नांवांनीं तक्रारी येऊं लागल्या कीं, काम फार मंद चालतें, अधिकार दुसऱ्याकडे सोंपवा. कॉलिन यांनीं मोकळेपणानें लिहिलें कीं, आपलें मानसिक स्वास्थ्य ठीक नाहीं, आणि हें काम म्हणजे बिनपगारी छंद आहे. थकलेल्या माणसानें पुढें आलेला हात धरला, यांत त्याचा दोष तो काय? यथावकाश नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकारहि मदतनिसाकडे आला. फेब्रुवारी २०२४ मधील ५.६.० आणि मार्चमधील ५.६.१ या आवृत्त्यांत त्यानें एक चोरदरवाजा बसविला.

तो दडविला कसा? अशा साधनांतील मूळ आज्ञा कोणालाहि वाचतां येतात, हा आमचा मोठा भरंवसा. परंतु घातक भाग ठेवला होता चांचणीच्या, मनुष्याला वाचतां न येणाऱ्या नमुन्यांत. आणि त्याला जागा करणारा मजकूर सार्वजनिक मूळ प्रतींत नव्हताच, तो केवळ वाटपाच्या गाठोड्यांत होता. हस्तलिखित दहा जणांनीं तपासावें आणि लबाडी छापखान्यांत व्हावी, तसा हा प्रकार! ज्याच्यापाशीं विशिष्ट गुप्त किल्ली असेल, त्याला बाधित यंत्रांत शिरून वाटेल ती आज्ञा चालवितां आली असती.

२९ मार्च २०२४ रोजीं फ्रॉयंड यांनीं हा प्रकार जाहीर केला. तोंवर त्या आवृत्त्या मुख्यतः लिनक्सच्या चांचणीच्या प्रतींतच पोहोंचल्या होत्या. नित्य वापराच्या स्थिर प्रतींत उतरण्यापूर्वीं त्या मागें घेतां आल्या. दोषाच्या तीव्रतेच्या मोजपट्टीवर याला १० पैकीं १० गुण देण्यांत आले.

कोणी विचारील, नव्या आवृत्तींतूनच जर विष आलें, तर आम्हीं घरच्या यंत्रांवर नव्या आवृत्त्या घेणें सोडावें काय? मुळींच नाहीं. उतारा आला तोहि त्याच वाटेनें. आणि जुने दोष तसेच ठेवणाऱ्या यंत्राला चोरदरवाजाचीहि गरज नसते. मूळ आज्ञा उघड्या होत्या म्हणूनच फ्रॉयंड यांना माग काढतां आला, हेंहि विसरून चालणार नाहीं. मात्र वाचण्याची मोकळीक असणें आणि कोणीतरी खरोखर वाचणें, यांत अंतर आहे. तें अंतर भरून काढण्यास माणसें लागतात, त्यांना वेळ लागतो, आणि वेळेला पैसा लागतो. ज्या मोठ्या कंपन्यांचा व्यवहार अशा साधनांवर उभा आहे, त्यांनीं हा भार उचलणें न्यायाचें होईल.

मीं स्वतः हें साधन असंख्य वेळां वापरलें आहे. परंतु कॉलिन यांचें नांव मला हा प्रकार घडेपर्यंत ठाऊक नव्हतें. आतां एखादें साधन हातीं घेतांना तें कोण सांभाळतो, एकटाच सांभाळतो काय, हें मी आधीं पाहतों. त्यानें थकल्याचें लिहिलें असेल, तर तक्रार लिहिण्यापूर्वीं एखादी दुरुस्ती करून पाठवितों.