होमकुंडाचा उजेड आणि पायरोचा डाग

गोव्यातील डिचोली तालुक्यातले शिरगाव हे श्रीदेवी लईराईचे गाव. वैशाख शुद्ध पंचमीला तेथे मोठी जत्रा भरते. व्रतस्थ धोंड तळीत स्नान करतात. गळ्यात मोगरीच्या माळा आणि हातात गोंड्यांनी सजवलेला वेत घेऊन ते देवीपुढे येतात. रात्री लाकडांचा प्रचंड होम पेटतो आणि पुढे निखाऱ्यांवरून धोंड चालत जातात.

हे दृश्य कृष्णधवल फिल्मवर उतरवणे मोठे कठीण. ज्वाळेचा उजेड माणसाच्या चेहऱ्यावरील उजेडाहून कितीतरी पट प्रखर असतो. ज्वाळेचे माप धरून छायाचित्र घ्यावे तर धोंडांच्या काळ्या आकृत्या तेवढ्या उरतात. चेहऱ्यांचे माप धरावे तर होमाच्या जागी कोरा पांढरा गोळा उमटतो. निगेटिव्ह कमी वेळ धुवावी, तर ज्वाळा आटोक्यात येते खरी. पण मधल्या छटा मिळमिळीत होतात. तार सप्तकात गळा फाटू नये म्हणून सगळी चीजच दबक्या आवाजात गाण्यासारखे ते होय!

यावर जुना आणि जाणता उपाय म्हणजे डाग देणारे डेव्हलपर. त्यांत पायरोगॅलॉल, म्हणजेच छायाचित्रकारांचा 'पायरो', अग्रगण्य. त्याचे गोत्र आपल्या घरांना परके नाही. बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ आणि हिरडा ही दोन्ही तुरट द्रव्ये टॅनिनने भरलेली. टॅनिनपासून गॅलिक आम्ल निघते आणि ते तापवले की पायरोगॅलॉल मिळते. शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1786 साली ते प्रथम मिळवले. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी 1851 साली ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यातही प्रतिमा उमटवण्यास हेच द्रव्य होते. पुढे अमेरिकेचे एडवर्ड वेस्टन यांनी ते आवडीने वापरले. विसाव्या शतकाच्या अखेरीस गॉर्डन हचिंग्ज यांच्या 'पीएमके' कृतीने त्याला पुन्हा चांगले दिवस आणले.

त्याची करामत अशी. प्रकाश लागलेल्या कणांची चांदी करताना पायरो स्वतः खर्ची पडतो. त्यातून निघालेली द्रव्ये तिथल्या तिथे जिलेटिनला कमावतात, जसे हिरड्याने चामडे कमावतात, आणि पिवळसर-हिरवट डागही ठेवतात. जेथे चांदी जास्त तेथे डाग जास्त. त्यामुळे ज्वाळेच्या जागी चांदीचा दाट थर चढवावा लागत नाही; काही काम डागच करतो. कॉन्ट्रास्ट बदलता येणाऱ्या कागदावर हा पिवळा डाग गाळणीसारखा वागतो आणि प्रखर भाग मऊ करतो. मग ज्वाळेच्या जिभाही दिसतात, त्यांवरचा धूरही.

मात्र ध्यानात ठेवावे, की अंधारात ज्याची नोंदच झाली नाही ते पायरो निर्माण करू शकत नाही. म्हणून माप चेहऱ्याचेच धरावे. ज्वाळेची काळजी पायरो वाहतो.

कृतीत शिस्त हवी. द्रव दोन बाटल्यांत वेगळे ठेवावेत आणि ऐन वेळी एकत्र करावेत. पीएमकेचे प्रमाण एकास दोन, त्यात शंभर भाग पाणी. सल्फाइट जास्त झाले तर डाग पडत नाही. हवा लागताच मिश्रण चहासारखे काळवंडते, म्हणून एकदा वापरून टाकून द्यावे. वैशाखातले नळाचे पाणी तापलेले असते. ते बर्फाने निववावे लागते. शिवाय पायरो विषारी असून कातडीतूनही अंगात भिनतो. रबरी हातमोजे आणि खेळती हवा यांवाचून त्याच्या वाटेस जाऊ नये.

एवढा खटाटोप कशासाठी? 2025 साली 3 मे रोजी पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. ज्या घरातले माणूस जत्रेला गेले आणि परतले नाही, त्या घराला नुसत्या ज्वाळेचे चित्र काय कामाचे? त्यांना हवा असतो गर्दीतला एक चेहरा, निखाऱ्यांच्या तांबूस उजेडात क्षणभर उजळलेला. आग कोणीही टिपील. तिच्या पलीकडचे माणूस कागदावर राखणे, हीच या डागाची खरी किंमत.