एक माईक, दोन फिरस्ते

राजपुऱ्यात ‘पॉडकास्ट’ म्हटलं की घरातल्या मोठ्यांना अजून समजावून सांगावं लागतं. “म्हणजे रेडिओच ना?” हो, रेडिओच. फक्त वेळ ठरलेली नाही आणि मध्येच बातम्या लागत नाहीत. नोकरी सांभाळून आम्ही तिघे मित्र दर रविवारी हा उद्योग करतो. आमच्याकडे दोनच प्रकारचे पाहुणे येतात. एक, गावोगाव फिरून गाणारे-वाजवणारे. दुसरे, वॉर्डाच्या निवडणुकीला उभे राहिलेले किंवा राहू पाहणारे. ही जोडी कुठून सुचली, असं मंडळातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून हे लिहितो आहे.

खरं तर ही जोडी आमच्या आधीची आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये आधी शाहीर उभा राहायचा आणि मग वक्ता. गर्दी जमवणारा आणि मत मागणारा एकाच मांडवात असायचे. त्याच धामधुमीत, १ नोव्हेंबर १९५६ ला, आपल्या बुऱ्हाणपूरची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. तेव्हापासून आपली गाणी एका बाजूने येतात आणि मत आपण दुसऱ्या बाजूला देतो. रावेर-भुसावळकडून ऑर्केस्ट्रा येतो, मुक्ताईनगरच्या यात्रेला आपली माणसं जातात, पण नळाला पाणी का आलं नाही हे विचारायचं असतं इथल्या पार्षदाला.

अलीकडच्या काळात ही दोन्ही कामं एकाच माणसाने केल्याचं ठळक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. प्रल्हादसिंह टिपानिया हे माळव्यातले कबीर गायक. उज्जैन जिल्ह्यातलं लुनियाखेडी त्यांचं गाव, पेशा शाळामास्तरचा. तंबूर आणि करताल घेऊन ते खेड्यापाड्यांत गायले, अमेरिकेतही गायले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये काँग्रेसने त्यांना देवास मतदारसंघातून लोकसभेला उभं केलं. समोर न्यायाधीशपद सोडून आलेले भाजपचे महेंद्रसिंह सोळंकी होते. टिपानिया सुमारे ३ लाख ७२ हजार मतांनी हरले. ज्याला ऐकायला लोक रात्र रात्र बसतात, त्याला ते मत देतीलच असं नाही. मला यात लोकांचा कृतघ्नपणा दिसत नाही. गाणं ऐकणं आणि कारभार सोपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

पण मला त्या निवडणुकीपेक्षा त्याआधीची एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. देवासमध्ये ‘एकलव्य’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेने १९९१ मध्ये ‘कबीर भजन एवं विचार मंच’ सुरू केला. दर महिन्याच्या २ तारखेला आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळ्या जमायच्या, रात्रभर गायच्या आणि गाण्यांच्या मधे बोलायच्या. जातीवर, कर्मकांडावर, आपण गातो त्याचा अर्थ काय यावर. हे १९९८ पर्यंत चाललं. त्या गाणाऱ्यांमध्ये टिपानियाही होते. नुसतं गाऊन घरी जायचं नाही, गायलेल्या ओळीचा जाब एकमेकांना द्यायचा! आमचा पॉडकास्ट म्हणजे याचीच गरीब नक्कल समजा. आमच्याकडे रात्रभर बसायला कुणाला सवड नाही, म्हणून तासभर.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कलेविषयी विचारलं की सत्कारात बोलतात तसं उत्तर येतं. सुपारी किती मिळते, तिच्यातून गाडीभाडं किती जातं, पावसाळ्याचे चार महिने घर कसं चालतं, हे विचारलं की माणूस बोलू लागतो. एका ढोलकीवाल्या काकांनी पाऊण तास फक्त दमट हवेवर घालवला. चामडं कसं सैल पडतं, बल्बजवळ धरून ते किती वेळ तापवायचं, आयोजक घाई करतो तेव्हा काय होतं. मग हळूच म्हणाले, “सूर उतरला की पब्लिकला कळत नाही असं वाटतं ना? कळतं. फक्त ती बोलत नाही, उठून जाते.” आमचा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला भाग हाच.

उमेदवारांना आम्ही आता असंच विचारतो. विकास, संस्कृती, युवाशक्ती हे शब्द आले की चहा मागवतो. सकाळी किती वाजता निघालात? किती उंबरे चढलात? कुठल्या दारात उत्तर सुचलं नाही? खर्च कुणी केला आणि त्याला काय कबूल केलंत? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण हसतात. ते हसू आम्ही कापत नाही.

मध्य प्रदेशात नगरपालिका-महापालिकांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि म्हणून आपल्याकडे ‘पार्षदपती’ नावाचं एक बिनसरकारी पदही आहे. एका वहिनींसोबत त्यांचे पती आले, खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनीच दिली. आमच्याकडे कॉलरला लावायचा माईक एकच होता आणि तो वहिनींच्या पदराला होता. “भाऊ, तुमचा आवाज येत नाहीये,” एवढंच मी म्हणालो. त्यानंतर वहिनींनी कुठल्या गल्लीत नळ किती वाजता येतो, व्हॉल्व्ह कोण फिरवतो आणि शेवटच्या चार घरांना पाणी का पोचत नाही, हे कागद न बघता सांगितलं. भाऊ गप्प ऐकत होते. त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत असावं.

यात काय मोठंसं, असं वाटेल. २०२२ मध्ये बुऱ्हाणपूरच्या महापौरपदाचा निकाल ५४२ मतांनी लागला. एवढी मतं आपल्या दोन-तीन गल्ल्यांत निघतात. आणि गल्लीत मत कशावर ठरतं? आडनावावर, चिन्हावर, कोण कुणाचा भाचा यावर. सभेतलं भाषण उद्या कुणाला आठवत नाही. तासाभराचं बोलणं मात्र राहतं आणि पाच वर्षांनी पुन्हा ऐकता येतं. दोघा-तिघांनी आपला भाग काढून टाका म्हणून फोन केले. आम्ही काढले नाहीत.

माझ्या धंद्यातली एक अडचण सांगतो. बोलणं आपोआप लिहून देणारी सॉफ्टवेअरं आता चांगली झाली आहेत, पण काहींना आधी एक भाषा सांगावी लागते. आपला माणूस मराठीत सुरू करतो, आकडे हिंदीत सांगतो आणि चिडला की निमाडीत जातो. सॉफ्टवेअर गोंधळून वाक्यच गाळतं, आणि नेमकं चिडून बोललेलं वाक्य गळतं. पाठीमागे पॉवरलूमची खटखट असतेच. म्हणून प्रत्येक भाग आम्ही हाताने लिहून काढतो. माझी बारावीतली भाची यात मदत करते. घरात ती मराठीला हिंदीत उत्तर देते, पण या कामामुळे ‘उंबरा’ आणि ‘बिदागी’ हे शब्द तिने मला विचारून घेतले.

पुढची महापालिका निवडणूक २०२७ मध्ये होईल. त्या वेळी एका वॉर्डातल्या सगळ्या उमेदवारांना सारखाच वेळ द्यायचा, आणि निकालानंतर हरलेल्यांना आधी बोलवायचं, असं ठरवलं आहे. हरलेला माणूस खरं बोलतो, निदान पहिला आठवडाभर. तुमच्या गल्लीतून कुणी उभं राहणार असेल, किंवा नवरात्रात तुमच्याकडे बाहेरगावचा वादक मुक्कामाला येणार असेल, तर कळवा. प्रश्न आम्ही आधी पाठवत नाही. चहा आणि जेवण मात्र आमच्याकडे.